थाई बायको, डॉलरचा पगार आणि सी राचातलं गृहकर्ज: वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल, मग कारणं. परदेशात कमावणाऱ्या नवऱ्याच्या पगारावर थाई बायकोला थायलंडमध्ये गृहकर्ज मिळतं. पण पगाराचा आकडा बघून तिथे कुणी भारावून जात नाही. तो पैसा बायकोच्या थाई खात्यात महिन्याच्या महिन्याला, न चुकता, ओळखू येईल अशा नावाने जमा होतोय का, एवढंच बघतात. माझ्या मते निम्मं काम बँकेत पाय ठेवायच्या वर्षभर आधीच पासबुकात होऊन गेलेलं असतं.

आमची परिस्थिती अशी: मी मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनिअर. भारतीय पासपोर्ट, पगार डॉलरमध्ये, तोही कॉन्ट्रॅक्ट चालू असेपर्यंतच. बायको लेम चबांग बंदराजवळच्या एका लॉजिस्टिक्स ऑफिसात, पगार 22,000 बाट. घर सी राचाला, एका मू बानमध्ये, म्हणजे गेट आणि वॉचमन असलेल्या बंगल्यांच्या वसाहतीत. जागा 35 तारांग वा. एक तारांग वा म्हणजे चार चौरस मीटर, त्यामुळे 140 चौरस मीटर झाली. किंमत 39 लाख बाट, कर्ज 34 लाख, मुदत 30 वर्षं.

एकट्या बायकोच्या पगारावर हे जमणारं नव्हतं. हप्ता पगाराच्या चाळीसेक टक्क्यांपुढे जाऊ देत नाहीत आणि दर दहा लाखांमागे सात हजार हप्ता हा इथला तोंडी हिशेब आहे. 22,000 वर बारा-तेरा लाखांच्या वर काही मिळालं नसतं. म्हणून माझा पगार मोजला जाणं गरजेचं होतं.

पहिल्या बँकेने तो शून्य धरला. मला थायलंडचं वर्क परमिट नाही, इथे टॅक्स भरत नाही, मग उत्पन्न कसलं? काउंटरवरच्या बाई अतिशय गोड हसल्या आणि फाइल परत दिली. दुसऱ्या बँकेने मला सहकर्जदार करायला नकारच दिला, पण परदेशी नवऱ्याकडून नियमित येणारी रक्कम बायकोच्या उत्पन्नात धरायची त्यांची तयारी होती. त्यासाठी लग्नाचा दाखला, माझं कॉन्ट्रॅक्ट, पगारपत्रकं आणि बारा महिन्यांचं स्टेटमेंट मागितलं. एकाच शहरात, एकाच रस्त्यावर, दोन बँकांची दोन धोरणं. त्यामुळे एका नकारावर कुणी घर सोडून देऊ नये.

आता पासबुकाबद्दल. जहाजावरच्यांना अलॉटमेंट माहीत असते: पगाराचा ठरलेला भाग कंपनी थेट घरी पाठवते. 2006 च्या सागरी कामगार करारानुसार कुटुंबाकडे पैसे पोचवायची सोय करून देणं जहाजमालकाला बंधनकारक आहे. बहुतेक भारतीय मंडळी ती अलॉटमेंट मुंबई-पुण्याच्या एनआरई खात्यात, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या खात्यात घेतात. मी तिचा एक हिस्सा बायकोच्या थाई खात्यात लावून घेतला होता. हेतू घरखर्चाचा होता, पण कर्जाच्या वेळी तोच कामी आला. एनआरई खात्यातून वेळ मिळेल तसे पैसे पाठवणाऱ्या माझ्या एका बॅचमेटची रक्कम माझ्याहून मोठी होती. त्याला बँकेने हे नियमित उत्पन्न नाही असं तोंडावर सांगितलं.

तरी एक गाठ बसलीच. स्टेटमेंटमध्ये पैसे पाठवणारा म्हणून माझं नाव येत नाही, कंपनीचं येतं, आणि तेही मुंबईतल्या मॅनिंग एजंटचं, म्हणजे जहाजांना माणसं पुरवणाऱ्या कंपनीचं नाही तर जहाजमालकाच्या भलत्याच देशात नोंदवलेल्या कंपनीचं. ऑफिसरने त्या ओळीवर पेन टेकवून बायकोला विचारलं, "ही कंपनी तुम्हाला दर महिन्याला पैसे का देते?" प्रश्न बरोबरच होता. त्याच्या जागी मी असतो तर मलाही संशय आला असता. मग एजंटकडून लेटरहेडवर पत्र मागवलं: अमुक व्यक्ती आमच्याकडे अमुक पदावर आहे, अमुक कंपनी त्याचा पगार देते, त्यातली अलॉटमेंट अमुक खात्यात जाते, नातं पत्नीचं. खाली फोन नंबर, शिक्का, सही. हे पत्र आधीच घेऊन ठेवा. माझ्याकडून कुणाला एकच सल्ला घ्यायचा असेल तर तो हाच.

दुसरी अडचण सुट्टीतल्या महिन्यांची. साइन ऑफ झालो, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपून जहाजावरून उतरलो, की अलॉटमेंट थांबते. त्या महिन्यांत मी त्याच तारखेच्या आसपास, तेवढीच रक्कम एनआरईमधून पाठवत होतो. एनआरईमधून बाहेर पैसे काढायला रिझर्व्ह बँकेची आडकाठी नाही; निवासी भारतीयाला लागू असलेली वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आपल्याला नाही. बँकेने ते महिने धरले, पण एकूण उत्पन्नाची सरासरी काढताना बरीच कात्री लावली. त्यात वाद घालण्यात अर्थ नव्हता. सीडीसीमधल्या, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तिकेतल्या, साइन ऑन-साइन ऑफच्या शिक्क्यांची सगळी पानं दिली, म्हणजे दर सुट्टीनंतर माणूस पुन्हा जहाजावर जातो हे त्यांना डोळ्यांनी दिसलं. या एका गोष्टीचा माझ्या पगारपत्रकांपेक्षा जास्त उपयोग झाला.

लग्नाची कागदपत्रं आमच्याकडे सरळ होती, कारण लग्न इथेच अम्फोमध्ये, म्हणजे तालुक्याच्या सरकारी कार्यालयात नोंदवलं. त्या वेळी बँकॉकच्या भारतीय दूतावासातून अविवाहित असल्याचं पत्र, त्याचं थाई भाषांतर, चेंग वत्तनाच्या परराष्ट्र खात्याच्या कार्यालयाचा शिक्का, हे सगळं झालं होतं. भारतात लग्न केलेल्यांना ते आधी अम्फोत नोंदवून घ्यावं लागतं, त्याला वेळ धरा. आणि पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे असलेल्या आपल्या लोकांनी थाई लिपीतलं पूर्ण नाव प्रत्येक कागदावर एकसारखं आहे ना ते बघून घ्यावं. भाषांतर करणारा दरवेळी वेगळा असेल तर आडनावही दरवेळी वेगळं होतं.

जमीन कार्यालयातला दिवस हा सगळ्या प्रकारातला सगळ्यात विचित्र दिवस. 1954 च्या जमीन कायद्याने परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही. थाई जोडीदाराला घेता येते, पण मला अधिकाऱ्यासमोर सही करून द्यावी लागते की यातला पैसा बायकोचा स्वतःचा आहे, सिन सुअन तुआ आहे, पतिपत्नीची सामाईक मिळकत नाही. बायकोच्या शेजारी बसून मी ती सही केली. वाईट वाटून घ्यायचं नाही, पण काय सही करतोय ते समजून करायची. उद्या बिनसलं तर "घरात माझे पैसे होते" म्हणायला जागा फार उरत नाही. गंमत बघा, आपल्याकडे उलट आहे: फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या नियमांनुसार लग्न नोंदवून किमान दोन वर्षं झालेली असतील तर माझी थाई बायको माझ्याबरोबर पुण्यात एका फ्लॅटची सहमालक होऊ शकते. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग पुण्यातच घ्यायचा होतात ना!" तिचंही बरोबर आहे.

खर्चाच्या बाबतीत वेळ साधली गेली. एरवी हस्तांतरणाचं शुल्क 2 टक्के आणि गहाणखत नोंदवायला 1 टक्का. 70 लाख बाटपर्यंतच्या घरांना, थाई खरेदीदारांसाठी, सरकारने दोन्ही 0.01 टक्क्यावर आणली होती. ही सवलत एप्रिल 2025 पासून 30 जून 2026 पर्यंत जाहीर झाली. खरेदीदार कागदावर बायको, म्हणून ती मिळाली. गहाणाचे 34,000 लागायचे तिथे 340 बाट लागले. बँक ऑफ थायलंडनेही मे 2025 पासून घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज द्यायचं याचे नियम सैल केले होते, पण बँकेने आम्हाला पूर्ण किमतीचं कर्ज काही दिलं नाही. पाच लाख आम्ही भरले. माझ्या मॅरेज व्हिसासाठी खात्यात दाखवायचे चार लाख बाट त्यात धरू नका. ते हलवले की इमिग्रेशनमध्ये अडकता.

आता प्रत्यक्ष वापर. पहिली तीन वर्षं व्याज सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास, नंतर एमआरआर, म्हणजे बँकेचा किरकोळ कर्जाचा दर, उणे थोडं. हप्ता वीस हजार. व्याज दिवसावर मोजतात, त्यामुळे सुरुवातीला 31 दिवसांच्या महिन्यात साधारण 8,650 आणि 28 दिवसांच्या महिन्यात साधारण 7,800. उरलेलं सगळं मुद्दलात. भारतातल्या सुरुवातीच्या हप्त्यांची सवय असलेल्याला हे बघून बरं वाटतं. वर पैसे भरले की त्या दिवसापासून व्याज कमी होतं. इथे त्याला "पो" म्हणतात आणि साइन ऑफ झाल्यावर हातात एकरकमी पैसे येणाऱ्यासाठी ही सोय फारच चांगली आहे. फक्त अ‍ॅपमधून भरताना जादा रक्कम मुद्दलात वळली की पुढच्या हप्त्यापोटी बाजूला राहिली, हे पावतीवर तपासा. आमच्या बाबतीत एकदा पुढच्या हप्त्यात गेली आणि शाखेत जाऊन ती फिरवून घ्यावी लागली. बायकोचा अर्धा दिवस गेला, तेव्हा मी सुएझमध्ये होतो.

डॉलरचा फटका मात्र जाणवला. जानेवारी 2025 मध्ये डॉलरला 34 च्या आसपास बाट मिळत होते, वर्षअखेरीस 32 च्याही खाली. वीस हजारांचा हप्ता जानेवारीच्या दराने 590 डॉलरचा झाला असता, तो वर्षअखेरीस 630 च्या वर गेला. हप्ता बाटमध्ये आणि पगार डॉलरमध्ये असेल तर बाट महाग होईल असंच धरून चाला. आम्ही सहा हप्त्यांएवढे बाट खात्यात वेगळे ठेवतो.

सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट विम्याची. कर्जाबरोबर एमआरटीए, म्हणजे कर्जदार गेल्यास उरलेलं कर्ज फेडणारा विमा, घेतला तर दर थोडा कमी होतो, म्हणून तो आग्रहाने गळ्यात मारतात. सक्ती करता येत नाही, पण आग्रहाला सीमा नाही. तो विमा कर्जदाराचा, म्हणजे बायकोचा. हप्ता भरणारा मी, इंजिन रूममध्ये मी, आणि मला काही झालं तर त्या पॉलिसीतून एक बाटही येणार नाही. बँकेत हे कुणी आपणहून सांगितलं नाही. आम्ही बायकोची कमी मुदतीची पॉलिसी घेतली आणि माझा टर्म इन्शुरन्स भारतात वाढवला. मर्चंट नेव्ही हा व्यवसाय प्रस्तावात स्पष्ट लिहून. त्याचा प्रीमियम जास्त पडला, पण लपवाछपवी केली तर दावा फेटाळायला कारण मिळतं.

टॅक्सचं विचारतात म्हणून: 2024 पासून, वर्षात 180 दिवस थायलंडमध्ये राहणाऱ्याने परदेशी उत्पन्न इथे आणलं तर त्यावर कर लागू शकतो. मी तेवढे दिवस इथे नसतो. जोडीदाराला दिलेल्या रकमेवर वर्षाला दोन कोटी बाटपर्यंत बायकोलाही कर नाही, आणि आमची मजल तिथपर्यंत जाणं शक्य नाही. शिवाय कर्जाच्या व्याजापोटी वर्षाला एक लाख बाटपर्यंतची वजावट तिला तिच्या पगारावर मिळते.

मूळ चनोत, म्हणजे जमिनीच्या मालकीचा दाखला, बँकेच्या तिजोरीत आहे. लाल गरुडाचा शिक्का असलेल्या त्या कागदाची झेरॉक्स आमच्याकडे, पाठीमागच्या रकान्यात गहाणाची नोंद. माझ्यासाठी घर तहहयात वापरण्याचा आणि त्याचं उत्पन्न घेण्याचा हक्क, म्हणजे सित्थी केप किन, नोंदवावा असं आमच्या वकिलाने सुचवलं होतं. कर्ज चालू असेपर्यंत बँक त्याला संमती देत नाही. बायकोला काही झालं तर जमीन वारसाने माझ्याकडे आली तरी ठेवता येत नाही, बहुधा वर्षभरात विकावी लागते. म्हणून तिने थाईमध्ये मृत्युपत्र करून ठेवलंय, सासूबाईंना दाखवून. हा विषय काढायला जड गेलं, पण सासूबाईंनीच "लवकर उरका" म्हटलं.

गुण द्यायचे तर कर्जाला पाचपैकी चार, बँकेच्या सेवेला तीन, विमा विकणाऱ्यांना एक. जोडीदाराच्या खात्यात वर्षभराची सलग रक्कम दिसत नसेल तर अर्ज करूच नका, आधी ती सुरू करा. आमचा पुढचा टप्पा तीन वर्षांनंतरचा: दर एमआरआरला जाईल तेव्हा हप्त्यातलं व्याज जवळपास दुप्पट होईल, म्हणून आधी याच बँकेकडे दर कमी मागायचा, नाहीतर दुसरीकडे रिफायनान्स. मुदतीआधी हलवलं तर आमच्या करारात 3 टक्के दंड आहे, तेव्हा तारीख कॅलेंडरवर मारून ठेवलीय. तोपर्यंत अलॉटमेंट त्याच खात्यात, त्याच तारखेला. नव्या बँकेलाही पुन्हा तेच पासबुक दाखवायचंय.