त्र्यंबकेश्वरची वही की तालुक्याचं रेकॉर्ड?

पणजोबांपर्यंतची नावं बहुतेक घरांत तोंडपाठ असतात. त्यामागे जायचं म्हटलं की दोन दारं उरतात. एक तीर्थोपाध्यायांच्या घरचं, जिथे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या पिढ्यांची वही असते; दुसरं तहसीलच्या रेकॉर्ड रूमचं. मी दोन्हीकडे गेलो. सुट्टी मोजकी असेल आणि आधी कुठे जावं हे ठरत नसेल, तर माझा अनुभव उपयोगी पडेल. पुण्याचं पेशवे दफ्तर मी मुद्दाम बाजूला ठेवतोय. घराण्यात वतन किंवा इनाम नसेल तर तिथून सुरुवात करू नये.

वहीचं सुख वेगळंच आहे. त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांनी एवढंच विचारलं, "मूळ गाव कोणतं? आडनाव?" आतल्या खोलीतून लांबट, कापडात बांधलेली वही आली आणि चहा संपायच्या आत आमचं पान निघालं. सगळं मोडीत, त्यामुळे ते वाचत गेले आणि मी लिहून घेत गेलो. सहा पिढ्या झाल्या. एका नावापुढे शाईने काढलेला छोटा नांगर होता. लिहिता न येणाऱ्या कुणब्याची ती निशाणी. आमच्या घरातल्या कोणीतरी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी बोरू हातात धरून तो काढला होता. मला त्या पानावरून नजर हलवता येईना. असा क्षण तहसीलमध्ये मिळणार नाही, हे आधीच मान्य करतो.

पण घरी येऊन वंशावळ मांडायला बसलो आणि अडलो. नोंद होती 'धोंडू बिन गणू (म्हणजे गणूचा मुलगा), भाऊ राघू', पुढे मिती आणि 'विकारीनाम संवत्सरे'. शक लिहिलेला नव्हता. संवत्सर साठ वर्षांनी फिरून येतं. विकारी शके 1761 ला होतं, म्हणजे 1839 साली, आणि पुन्हा शके 1821 ला, म्हणजे 1899 साली. त्यात आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत. आमच्याकडे धोंडूचा गणू, गणूचा धोंडू, असंच चालत आलेलं. आजोबा आणि नातू यांच्यात अंतरही साधारण तेवढंच. मग नांगर काढणारा धोंडू कोणता? माझा पणजोबा, की पणजोबाचा आजोबा? महिनाभर मी ते नाव कधी या फांदीवर, कधी त्या फांदीवर लिहीत होतो. उपाध्यायांचा यात काही दोष नाही. वही श्राद्धासाठी आहे, तिला साल लागत नाही. मला मात्र सालच हवं होतं.

रेकॉर्डचा त्रास निराळा आहे. तालुक्याला तीन खेपा झाल्या. हातात आजचा गट नंबर आणि जुने कागद सर्वे नंबरचे. जमिनीच्या तुकड्यांच्या एकत्रीकरण योजनेत नंबर बदलले, तेव्हा आधी त्या योजनेचा उतारा काढून जुना नंबर गाठा, मग फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, मागा. पहिल्या खेपेला हे मला कोणी सांगितलं नाही. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार आता 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर दिसतात, ते घरूनच पाहून घ्या.

तिसऱ्या खेपेला कोतवाल बुक मिळालं, म्हणजे गाव नमुना 14, जन्म-मृत्यूचं रजिस्टर. 1918 च्या ऑक्टोबरची पानं इन्फ्लुएन्झाच्या साथीने भरलेली, ओळीमागून ओळ एकच कारण: ताप. त्यात धोंडू बिन गणू, वय 40. पुढच्या वर्षीचा वारसाचा फेरफार होता: धोंडू मयत, सामाईक भाऊ राघू, वारस अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) मुलगा गणू, 'अपाक आई सगुणा', खाली सर्कलची सही आणि तारीख. भाऊ राघू जुळला. म्हणजे वहीतलं विकारी 1899 चं, आणि नांगर पणजोबांचा.

अपाक म्हणजे अज्ञान पालन कर्ता. पदरात चार वर्षांचं पोर, नवरा साथीत गेलेला, आणि सरकारदप्तरी जमिनीच्या नोंदीत तिचं नाव. वहीत आमच्या पानावर ती नुसती 'मातोश्री' आहे. सगुणा हे नाव मला फेरफाराने दिलं.

तुमचं घराणं दोन-तीन पिढ्यांपूर्वीच गाव सोडून गेलं असेल, किंवा जमीन कधी नव्हतीच, तर कदाचित वहीच जास्त देईल. तरी भूमिहीनांनी कोतवाल बुक आणि शाळेचं जनरल रजिस्टर सोडू नये, त्यांना सातबारा लागत नाही. मराठवाड्यातल्यांना निजामकाळातल्या कागदांसाठी उर्दू वाचणारा शोधावा लागेल. आणि एकोणिसाव्या शतकाच्या मागे जायचं असेल तर साध्या रयतेला वहीशिवाय फारसा आधार नाही, हेही खरं.

पण एकच रजा शिल्लक असेल तर मी तालुक्याची एसटी पकडेन. साल हातात घेऊन वहीपाशी गेलं की ती भराभर उलगडते. मी उलटं केलं आणि महिना घालवला. दुसऱ्यांदा त्र्यंबकला गेलो ते फेरफाराची नक्कल घेऊन. उपाध्यायांनी ती वाचली, वही उघडली आणि 'मातोश्री'च्या पुढे माझ्यादेखत 'सगुणा' लिहिलं.