बारा सर्व्हर आणि एक सोमवार: अन्सिबलचा अनुभव

शिरोली एमआयडीसीतील ज्या फौंड्रीचा संगणक विभाग मी सांभाळतो, तेथील बारा सर्व्हर डेबियन या लिनक्स प्रणालीच्या आवृत्ती 11 वरून 12 वर न्यायचे होते. भट्टीतल्या प्रत्येक हीटचा, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूच्या घाण्याचा, नंबर आणि त्याची रासायनिक तपासणी याच सर्व्हरवर नोंदली जात असल्याने काम सुट्टीच्या सोमवारीच करावे लागते. मागील अपग्रेडच्या वेळी एकेका सर्व्हरवर लॉगिन करून, वहीत खुणा करत आमचे तीन सोमवार गेले; या वेळी अनेक सर्व्हरवरची कामे एकाच ठिकाणाहून आपोआप करवून घेणारे अन्सिबल वापरले आणि सकाळी नऊला सुरू केलेले काम सायंकाळी चारपर्यंत आटोपले.

2012 साली आलेले व 2015 पासून रेड हॅट या कंपनीकडे असलेले हे साधन मोफत असून सर्व्हरवर स्वतःचे काहीही बसवत नाही. एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन करण्याची सोय) आणि पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा असली की पुरते. मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटले ते 'सीरियल', म्हणजे एका वेळी किती सर्व्हर घ्यायचे ते ठरवणारी सूचना. ते न लिहिल्यास प्रत्येक पायरी सगळ्याच सर्व्हरवर होते आणि चूक झाली तर ती बाराही ठिकाणी होते. आम्ही आधी एक, मग तीन, मग आठ असे गट पाडले. पहिल्याच सर्व्हरवर बूट पार्टिशन (डिस्कचा सुरू होण्याच्या फाइलींसाठीचा भाग) जुन्या कर्नलनी, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्यांनी, भरलेले असल्याने नवा कर्नल बसला नाही आणि प्लेबुक, म्हणजे अन्सिबलला दिलेली पायऱ्यांची यादी, तिथेच थांबले. उरलेल्या अकरांना धक्काही लागला नाही. जुने कर्नल काढले, मोकळी जागा तपासणारी पायरी सुरुवातीलाच घातली, मगच पुढे गेलो.

रीबूटनंतर सर्व्हर परत येण्याची वाट अन्सिबल मुळात 600 सेकंदच पाहते. आमचे एक जुने यंत्र मेमरी तपासण्यातच त्याहून अधिक वेळ घेते, त्यामुळे ते सुखरूप सुरू होऊनही लाल अक्षरांत अपयशी दाखवले गेले. ही मुदत 1800 सेकंद केलेली बरी.

आपण बदललेल्या कॉन्फिग (मांडणीच्या) फाइलींबाबत अन्सिबल मध्येच प्रश्न विचारत नाही, जुनी फाइल तशीच ठेवते. नवी शेजारी वेगळ्या नावाने पडून राहते, ती नंतर स्वतः ताडून पाहावी लागते. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या आवृत्ती 13 चा डेटाही आपोआप 15 मध्ये जात नाही, ते काम आम्ही हाताने केले. पॅकेज उतरत असताना पडद्यावर बराच वेळ काहीच हलत नाही, हे मात्र जिवाला घोर लावणारे आहे. शिवाय झालेले अपग्रेड मागे घेण्याची सोय त्यात नाही, म्हणून आधी स्नॅपशॉट (सर्व्हरच्या त्या क्षणाच्या स्थितीची प्रत) किंवा बॅकअप घेतल्यावाचून याला हात लावू नये.

तीन-चारपेक्षा अधिक सर्व्हर असलेल्या कारखान्याने हे शिकून घ्यावेच, असे मी आग्रहाने सांगेन. प्लेबुक लिहिण्यात आमचे दोन दिवस गेले, पण डेबियन 13 साठी तेच थोड्या फेरफाराने चालणार आहे. त्याआधी मात्र बूट पार्टिशन मोठे करून घ्यावे लागेल, कारण नव्या आवृत्तीला तिथे आणखी जागा हवी असते.