२०० चा प्लॅन आणि ९४ वर अडकलेला स्पीड

ब्रॉडबँडमधली फसवणूक म्हटली की फोनवरचा भामटा डोळ्यांसमोर येतो. पण रीतसर घरी येऊन, चपला दाराबाहेर काढून केली जाणारी फसवणूक वेगळीच असते. ती कित्येकांना वर्षभर कळतही नाही, कारण नेट चालू असतं.

प्रकार साधारण असा घडतो. इमारतीतल्या केबलवाल्याकडून २०० एमबीपीएसचा (सेकंदाला २०० मेगाबिट) प्लॅन घेतला जातो. वर्षाचे पैसे आगाऊ दिले की दोन महिने फुकट, म्हणून वर्षाचे दिले जातात. केबलवाल्याचा वायर बसवणारा मुलगा येतो, खिडकीतून वायर आत घेतो, भिंतीला पांढरी पेटी (राउटर) लावतो, वायफाय सुरू करतो आणि स्वतःच्या मोबाइलवर स्पीड टेस्ट दाखवतो. काटा २०० च्या पुढे. सही होते, पैसे जातात. रात्री कॉम्प्युटरला लॅन केबल लावून तीच टेस्ट केली की आकडा येतो ९४. पहाटे केली तरी ९४. तक्रार केली की उत्तर तयार असतं: “तुमचा पीसी जुना आहे, नवीन राउटर घ्यावा लागेल, दोन हजार होतील.” लोक ते दोन हजारही देतात.

९४ हा आकडा योगायोगाने येत नाही. लाइन खराब असती, गर्दी असती, तर स्पीड हलला असता. संध्याकाळी ६०, पहाटे १८०. दिवसरात्र ९४-९५ वर खिळलेला स्पीड म्हणजे वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचं जुन्या जातीचं पोर्ट (वायर खोचायची खाच) किंवा अर्धवट जोडलेली वायर आहे. माहिती पुडक्यांतून (पॅकेट) येते; त्या १०० मधून या पुडक्यांच्या वेष्टनाचा खर्च वजा जाता हातात एवढंच उरतं. मागे कंपनीने २०० सोडले असोत की ५००, या फाटकातून पंच्याण्णवच्या वर काही येणार नाही.

फाटक कुठे आहे, हे शोधायला कोणाची गरज लागत नाही. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट उघडा. तिथे ‘लिंक स्पीड’ लिहिलेलं असतं: १०००/१००० किंवा १००/१००. १००० असूनही टेस्ट ९४ दाखवत असेल, तर तुमचा कॉम्प्युटर आणि त्याची वायर सुटली. अडथळा राउटरच्या येणाऱ्या पोर्टात किंवा बाहेरून आलेल्या लाइनीत आहे. १०० दिसत असेल तर आधी दोन मीटरची कारखान्यात पिना बसवलेली कॅट-६ केबल आणून लावा. दीड-दोनशे रुपयांत मिळते. आकडा लगेच १००० झाला तर दोष त्या मुलाने जागेवर पिन दाबून बसवलेल्या (क्रिम्प केलेल्या) वायरीचा. नाही झाला तर पेटीचं दुसरं पोर्ट वापरून बघा. स्वस्त पेट्यांमध्ये पोर्ट दोन किंवा चार असले तरी बऱ्याचदा गिगाबिटचं (१००० एमबीपीएसचं) एकच असतं आणि बाकीची १०० ची असतात. शेजारी बारीक अक्षरांत जीई आणि एफई छापलेलं असतं. जीई म्हणजे गिगाबिट, एफई म्हणजे १०० वालं. टीव्हीचा सेटटॉप बॉक्स जीईला आणि कॉम्प्युटर एफईला लावून गेलेले महाभाग कमी नाहीत. कॉम्प्युटरचं स्वतःचं नेटवर्क कार्ड १०० चं असण्याची शक्यता सगळ्यात शेवटी धरा. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या बहुतेक डेस्कटॉपना गिगाबिट पोर्ट असतं. फक्त काही स्वस्त लॅपटॉपमध्ये अजून १०० चं निघतं.

वायरीचं नीट समजून घ्या, कारण खरी चलाखी तिथेच होते. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या चारच लागतात, पिन १, २, ३ आणि ६ वरच्या. गिगाबिटला आठही लागतात. त्यामुळे काही ठिकाणी एकच केबल ओढून चार तारा तुम्हाला आणि उरलेल्या चार शेजारच्या फ्लॅटला दिल्या जातात. दोघांचं नेट चालतं, दोघांकडून वायरिंगचे पैसे घेतले जातात आणि दोघंही ९४ वर अडकतात. ओळखणं सोपं आहे. प्लास्टिकची पिन पारदर्शक असते, उजेडात धरून तारा मोजा. क्लिप खाली आणि सोनेरी पट्ट्या वर ठेवून डावीकडून क्रम असा हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मधल्या दोन निळ्या आणि शेवटच्या दोन तपकिरी जागा रिकाम्या दिसल्या, की प्रकरण संपलं.

आठही तारा आहेत, तरी लिंक मधूनच १०० वर घसरते, असं होत असेल तर तार कशाची आहे ते बघा. तांब्याच्या नावाखाली अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास खपवली जाते. उरलेल्या तुकड्यातली एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी चमक आली तर मुलामा. ही तार दोन-चारदा वाकवली की तुटते आणि आठातली एक तुटली की गिगाबिट गेलं. म्हणून वायर ओढून झाली की वीतभर उरलेला तुकडा मागून घ्या.

आता ‘फायबर’ या शब्दाकडे. जाहिरातीत फायबर असतं, पण ते पुष्कळदा गच्चीपर्यंतच. गच्चीवर एक स्विच (एका लाइनीच्या अनेक लाइनी करणारी पेटी), तिथून खाली प्रत्येक फ्लॅटला साधी लॅन केबल. ही पद्धत मुळात वाईट नाही, चांगली बसवली तर पूर्ण स्पीड देते. पण ती फायबरच्या भावात विकणं ही फसवणूक आहे. याचे तोटे दोन ठिकाणी जाणवतात. वीज गेली की तुमचा राउटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण गच्चीवरचा स्विच बंद पडतो आणि नेट जातं. आणि जूनमधल्या विजांच्या दिवसांत गच्चीवरून आलेल्या तांब्यातून झटका थेट तुमच्या राउटरच्या, कधी मदरबोर्डच्या पोर्टात येतो. काचेच्या तंतूतून तो येत नाही. घरात आलेल्या वायरीचं टोक बघा: चौकोनी हिरवी पिन म्हणजे फायबर, टेलिफोनच्या पिनेसारखी पण रुंद, आठ पट्ट्यांची म्हणजे तांबं.

खरं फायबर असेल तर पेटीच्या पानावर प्रकाशाची ताकद दिसते. ब्राउझरमध्ये सहसा १९२.१६८.१.१ टाकायचं, नेमका पत्ता आणि लॉगिन पेटीच्या खालच्या लेबलावर असतं. आत ‘ऑप्टिकल’ किंवा ‘पॉन’ नावाखाली ‘आरएक्स पॉवर’ (पेटीपर्यंत पोचलेला प्रकाश) शोधा. हा आकडा उणे डीबीएममध्ये (प्रकाशाच्या ताकदीचं माप) असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका प्रकाश जास्त. उणे १५ ते उणे २४ च्या दरम्यान असेल तर काळजी नाही. उणे २७ म्हणजे काठावर, त्याखाली लाल ‘लॉस’ दिवा लुकलुकायला लागतो आणि नेट तुटक होतं. बसवलेल्या दिवशीच उणे २६ असेल, तर पावसाळ्यात जॉइंटच्या पेटीत पाणी शिरल्यावर काय होईल ते उघड आहे. कारणं ठरलेली: एका तंतूवर परवडेल त्यापेक्षा जास्त घरं (एकाचे बत्तीस करणारा स्प्लिटर एकटाच जवळपास १७ डीबी खातो), कोपऱ्यात काटकोनात मोडलेला तंतू, किंवा हिरवी पिन निळ्या सॉकेटमध्ये कोंबलेली. या दोघींच्या टोकांचा कोन वेगळा असतो; बसते, पण प्रकाश वाया जातो. सही करण्याआधी या पानाचा फोटो घ्या. निघालेल्या तंतूच्या टोकात मात्र डोकावू नका, तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो.

पेटी नवी म्हणून दिली जाते आणि असते दुसऱ्या ग्राहकाकडून काढून आणलेली. सीलबंद खोका नाही, लेबल ओरखडलेलं, किंवा लेबलावरचा सीरियल नंबर आणि आतल्या पानावरचा सीरियल नंबर वेगळा, यांपैकी काही दिसलं तर नव्याचे पैसे देऊ नका. अडॅप्टरसुद्धा तपासा. पेटीवर १२ व्होल्ट १ अँपिअर लिहिलेलं असताना अर्ध्या अँपिअरचा अडॅप्टर दिला तर पेटी एरवी चालते आणि घरातले चार मोबाइल वायफायवर आले की आपोआप रीस्टार्ट होते. मग पुन्हा तेच: “राउटर बदला.”

त्या बदललेल्या राउटरच्या खोक्यावरचा मोठा आकडाही फसवा असतो. ‘३०० एमबीपीएस’ हा वायफायचा कागदावरचा वेग. त्याच राउटरची पोर्टं सहसा १०० ची असतात. ‘१२००’ लिहिलेलं असेल तर ती २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ यांची गोळाबेरीज आहे आणि त्यातही १०० पोर्टवाली मॉडेलं बाजारात भरपूर आहेत. १०० च्या वरचा प्लॅन असेल तर ‘गिगाबिट पोर्ट’ आणि ‘ड्युअल बँड’ (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही) हे दोन्ही शब्द खोक्यावर वाचल्याशिवाय पैसे काढू नका.

मोबाइलवर दाखवलेल्या त्या टेस्टचं काय? मुलाचा मोबाइल ५जी डेटावर असू शकतो, तेवढंच. फोन विमान मोडवर टाकून फक्त वायफाय चालू करायला सांगा. दुसरी युक्ती जास्त सफाईदार: टेस्टचं अॅप जवळचा सर्व्हर निवडतं आणि तो त्याच कंपनीच्या जाळ्यातला असतो. म्हणजे मोजला जातो गल्लीतला वेग, बाहेरच्या इंटरनेटचा नाही. सर्व्हर हाताने बदलून मुंबईतल्या दुसऱ्या कंपनीचा घ्या, कॉम्प्युटर वायरने जोडा आणि रात्री ८ ते ११ मध्ये मोजा. एक मोठी फाइल उतरवूनही बघा. २०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला २५ मेगाबाइट, १ जीबीची फाइल पाऊण मिनिटात यायला हवी. ब्राउझर २५ दाखवतो म्हणून कोणाशी भांडू नका. बाइट आणि बिटमधला तो आठाचा फरक आहे.

पैशांकडे येऊ. दर सांगतात ४९९, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून महिना ५८८ रुपये ८२ पैसे होतात, वर्षाला ७,०६६. हे जीएसटी कंपनीच्या बिलात दिसायला हवं. केबलवाल्याची कच्ची पावती आणि त्यावर “टॅक्ससहित” असा शेरा, याला काही अर्थ नाही. पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, गोव्यातला ३० ने. त्याहून महत्त्वाचं: स्थानिक माणूस बहुधा फक्त एजंट असतो, परवाना वरच्या कंपनीकडे. तुम्ही वर्षाचे पैसे रोख देता, तो कंपनीकडे एका महिन्याचे भरतो आणि उरलेले फिरवतो. तो बुडाला की तुमचे अकरा महिने बुडाले. पैसे देण्याआधी कंपनीच्या अॅपमध्ये स्वतःच्या मोबाइल नंबरने लॉगिन करा आणि प्लॅनचं नाव, वेग, संपण्याची तारीख बघा. तिथे १०० चा प्लॅन दिसला तर वायरी तपासायचे कष्टही वाचले. तिथेच डेटाची मर्यादाही कळते. ‘अनलिमिटेड’ खाली अनेकदा महिन्याला ३,३०० जीबीची ओळ असते आणि त्यापुढचा वेग वेगळा.

पावतीवर ‘अनामत’ आहे की ‘विक्री’ हे वाचा. अनामत परत मिळते, विक्री नाही. आणि कंपनी जी पेटी फुकट वापरायला देते तिचेच दीड-दोन हजार एजंट विक्री म्हणून घेतो.

स्टॅटिक आयपीचे (इंटरनेटवरचा तुमचा कायमचा, स्वतंत्र पत्ता) वेगळे पैसे घेतले असतील तर राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर तो शेकडो घरांत वाटलेला पत्ता आहे. त्यावर सीसीटीव्ही बाहेरून थेट उघडणार नाही.

मुलगा निघण्याआधी पीपीपीओई (राउटर ज्याने कंपनीच्या जाळ्यात लॉगिन करतो ते) युजरनेम आणि पासवर्ड लिहून घ्या. ते दिले जात नाहीत, म्हणजे राउटर बदलताना पुन्हा त्यालाच बोलावून पाचशे रुपये द्यावे लागतात. तो गेल्यावर राउटरचा अॅडमिन पासवर्ड आणि वायफायचा पासवर्ड दोन्ही बदला. तुमचाच फोन नंबर पासवर्ड म्हणून ठेवायची या मंडळींना खोड असते. ‘रिमोट मॅनेजमेंट’ (बाहेरून राउटरच्या सेटिंग्ज बदलायची सोय) बंद करा. कंपनीच्या पेटीत ते बंद करू दिलं जात नसेल, तर तिच्यापुढे स्वतःचा राउटर लावा. आणि “केवायसी अपूर्ण आहे, नेट बंद होईल” म्हणत कोणी स्क्रीन दाखवणारं अॅप टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

तक्रार एजंटकडे तोंडी करू नका. कंपनीच्या केंद्राकडे करून तक्रार क्रमांक घ्या, तिथे निकाल लागला नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. “टेलिकॉमची तक्रार ग्राहक न्यायालयात चालत नाही” असं ठणकावून सांगितलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती चालते असा निकाल दिला आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. सोबत जोडायला लिंक स्पीडचा स्क्रीनशॉट, पिनेचा फोटो, आरएक्स पॉवरचं पान, वायरने घेतलेल्या टेस्ट तारखेसह, आणि पैसे ऑनलाइन दिल्याचा पुरावा.

कनेक्शन तोडायचं ठरलं तर पेटी परत देताना सीरियल नंबर लिहिलेली पोच घ्या आणि अडॅप्टर दिल्याचाही उल्लेख करून घ्या. नाहीतर “पेटी आलीच नाही” म्हणून अनामत अडकते.