जुन्या सागाचा डेक: एक पावसाळा आणि दोन उन्हाळ्यांनंतर

नाशिकला आमच्या घरामागच्या बागेत गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास डेक, म्हणजे लाकडी फळ्यांचा उघडा ओटा, करून घेतला. लाकूड पाडलेल्या वाड्याचं. तुळया आणि तक्तपोशी (छताला लावलेल्या फळ्या) घेऊन त्यातून फळ्या काढल्या. आता ऊन-पाऊस दोन्ही बघून झाल्यावर ठामपणे सांगते, उघड्यावरच्या बैठकीसाठी मी पुन्हा जुना सागच घेईन.

घेताना फळीच्या कडेचा फिकट पिवळसर पट्टा बघा. तो सालीलगतचा भाग. पावसाला आणि वाळवीला टक्कर देण्याचा गुण सागाच्या गाभ्यात असतो, त्या पट्ट्यात नाही. तो कापूनच टाकायला लावा. जुन्या खिळ्यांची भोकं राहतात, ती मला शोभेचीच वाटतात.

खालचा सांगाडा गॅल्व्हनाइज्ड पाइपांचा, जमिनीपासून वीतभर वर. खाली खडी आणि कुंपणाकडे उतार. दोन फळ्यांत 5 मिमी फट ठेवली. फटी नसल्या की छान दिसतं असं सुताराचं म्हणणं होतं, पण मी ऐकलं नाही. ऑगस्टच्या झडीत फळ्या फुगल्या, फटी निम्म्यावर आल्या, तरी पाणी कुठे साचलं नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच वापरा. साध्या लोखंडाचा गंज आणि लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य एकत्र आलं की भोवती काळा डाग धरतो. कुंडीच्या लोखंडी स्टँडने आमच्याकडे तसाच एक डाग पडला. ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने तो गेला, पण हातमोजे घाला आणि झाडांकडे ते पाणी जाऊ देऊ नका. आता सगळ्या कुंड्यांखाली विटेचे तुकडे आहेत.

देखभालीचं मुख्य काम तेलाचं. दिवाळीनंतर एकदा आणि होळीच्या आसपास एकदा. आधी साबणाच्या पाण्याने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने ब्रश मारायचा आणि पूर्ण वाळू द्यायचं. प्रेशर पंप नको. लाकडाचे तंतू सुटतात आणि मग अनवाणी पायात कुसळं जातात. डेकिंग ऑइल सकाळी, सावली असतानाच लावते, कारण तापलेल्या फळीवर ते मुरण्याआधीच चिकट होतं. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं तेल पुसून घ्यायचं. ते फडकं मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका! जवसाचं तेल असलेल्या चिंध्या वाळताना आपोआप तापतात आणि पेटही घेतात. पाण्यात बुडवा, नाहीतर उघड्यावर एकेक पसरून वाळवा. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असलंच पाहिजे.

दुकानात वॉर्निशचा आग्रह झाला होता. उन्हाने वॉर्निशला तडे जातात, आत पाणी शिरतं आणि पुढच्या वेळी सगळं खरवडावं लागतं. तेलाला ती कटकट नाही. तेल न लावताही चांगला साग लगेच कुजत नाही, नुसता राखाडी होतो. एक पायरी मी मुद्दाम कोरी ठेवली आहे. तिचा चंदेरी रंग मला हल्ली जास्तच आवडतो.

भर दुपारी शेजारच्या शहाबादी फरशीवर पाय ठेववत नाही. लाकूडही तापतं, पण तसं चटकत नाही. तरी एप्रिलभर दुपारचा डेक आम्ही सासूबाईंच्या कुरडयांना आणि पापडांना दिला. स्वच्छ प्लॅस्टिक, त्यावर धुतलेली साडी, म्हणजे तेलाचा वास लागत नाही. आमची वेळ पाचनंतरची. पश्चिमेला मधुमालती चढवली आहे. ती दाट होईपर्यंत हिरवी जाळी आणि वाळ्याचे पडदे. पडद्यांवर पाणी मारलं की वाऱ्याबरोबर वास येतो, आणि त्यात मोगरा फुललेला. बसायला बाजलं, सतरंज्या आणि दोन पाट. जड सोफा मी आणू दिला नाही, कारण झाडायचं तर सगळं सहज उचलता आलं पाहिजे. फटींत पानं अडकली की ओल धरते. दिवे पिवळसर घ्या, पांढऱ्या दिव्यांवर किडे जास्त येतात. कुंड्यांखालच्या बशा काढून टाकल्यावर डासही बरेच कमी झाले.

गच्चीवर करणार असाल तर सांगाड्यासाठी स्लॅबला भोकं पाडू देऊ नका, वॉटरप्रूफिंग फुटतं. रबरी किंवा प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांवर टेकवा, आणि पाणी जायच्या तोंडावरची फळी उचलता येईल अशी सुटी ठेवा.