४ मिमीची पेन-सुई: चांगली आहे, पण टोचण्याच्या जागी गाठी टाळणं तिच्या भरवशावर सोडू नका

ठाण्यात नौपाड्याला काय नि घोडबंदर रोडला काय, मेडिकलमध्ये नुसतं "इन्सुलिन पेनची सुई द्या" म्हटलं की हाताला लागेल ते पाकीट पुढे येतं. ८ मिमी, ६ मिमी, कधी ४. बहुतेक पेनवर तिन्ही बसतात, त्यामुळे घेणाऱ्यालाही काही वाटत नाही. म्हणून मापासकट मागा: "४ मिमी, ३२ गेज" (मिमी म्हणजे लांबी, गेज म्हणजे जाडी). नोव्होफाइन प्लस या मापात येते, बीडीचीही येते (बीडीचा हा व्यवसाय २०२२मध्ये एम्बेक्टा नावाने वेगळा झाला). दोन्हींत डावं-उजवं करण्यासारखं फार नाही. हे परीक्षण मापाचं आहे, आणि रोज टोचून घेणाऱ्या त्वचेच्या बाजूने आहे.

माणूस लुकडा असो की सुटलेल्या पोटाचा, टोचायच्या जागी त्वचेची जाडी साधारण २ ते अडीच मिमीच असते. वाढते ती खालची चरबी. म्हणजे ४ मिमी सुई सरळ, काटकोनात घातली की त्वचा पार करून चरबीत पोचते आणि स्नायूच्या अलीकडे थांबते. मोठ्या माणसाला चिमटीत कातडी धरायचीही गरज सहसा पडत नाही; लहान मुलं आणि अगदी हडकुळी माणसं मात्र अपवाद. ८ मिमी सुई बारीक माणसाच्या मांडीत किंवा दंडात सहज स्नायूत जाते, इन्सुलिन झपाट्याने उतरतं, साखर घसरते आणि जेवणाआधीच घाम फुटून हात थरथरू लागतात. "जाड माणसाला लांब सुई लागते" हा समज काउंटरच्या दोन्ही बाजूंना पक्का बसलेला आहे, आणि तो चुकीचा आहे.

मापाला पैकीच्या पैकी गुण. आता तक्रार, आणि ती सुईपेक्षा वापराची आहे.

टोचताना दुखत नाही, हाच या सुईचा गुण उलटतो. बेंबीच्या उजवीकडे चार बोटांवर एक सोयीची जागा सापडते आणि मग महिनोन् महिने तिथेच. इन्सुलिन स्वतः चरबी वाढवणारं संप्रेरक आहे. त्यात रोजची तीच जखम. जागा हळूहळू फुगते, रबरासारखी घट्ट होते. तिथे संवेदना कमी, म्हणून टोचणं आणखी सोपं, म्हणून पुन्हा तिथेच. गाठीतून इन्सुलिन कधी उशिरा, कधी अर्धवट उतरतं. साखर चढली म्हणून डोस वाढतो, आणि एखाद्या दिवशी तोच वाढीव डोस निरोगी जागी पडला की साखर धाडकन खाली येते. स्पेनमध्ये ४३० जणांवर झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळजवळ दोन तृतीयांश जणांना अशा गाठी होत्या. गाठी असलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना कारण न सापडणारे हायपो (साखर फार खाली जाणं) होत होते, नसलेल्यांत ६ टक्क्यांना.

गाठ डोळ्यांना दिसतेच असं नाही. आंघोळीच्या वेळी साबणाच्या बोटांनी पोट, मांड्या, दंड सावकाश चाचपा, बाहेरून आत. निरोगी कातडी दोन बोटांच्या चिमटीत पातळ येते, गाठीची येत नाही. परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा जिथे रुततो त्या रेघेखाली खास बघा, कारण कपडा थोडा सरकवून तिथेच टोचणारे पुष्कळ. सापडलेल्या गाठीला बॉलपेनने कुंपण घाला आणि काही महिने तिथे सुई नको; बहुतेक गाठी त्या काळात मऊ पडतात. पण जागा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. निरोगी जागी तोच डोस जास्त लागू पडतो, त्यामुळे तो बऱ्याचदा कमी करावा लागतो आणि सुरुवातीचे दिवस साखर जास्त वेळा तपासावी लागते.

जागा फिरवायची सोपी रीत: पोटाचे चार भाग, आठवड्याला एक. त्या भागात रोजचा टोच आदल्या दिवसाच्या टोचापासून निदान १ सेंमी दूर, आणि बेंबीच्या अगदी जवळ नाही.

दुसरी गडबड काटकसरीची. सुई एकदाच वापरायची असते. टोकावर सिलिकॉनचा थर असतो, तो पहिल्याच वेळी घासला जातो. मग टोक वाकतं, आतलं इन्सुलिन सुकून भोक बुजतं. पेनवर सुई तशीच ठेवली तर हवा आत शिरते, औषध गळतं. खर्च टोचतो हे खरं, पण एक सुई आठवडाभर चालवणाऱ्याने ४ मिमीचं कौतुक करू नये. दरवेळी आधी २ युनिट हवेत सोडून थेंब दिसतो का पाहायचं, आणि बटण पूर्ण दाबल्यावर मनात सावकाश दहापर्यंत मोजूनच सुई काढायची. "या सुईतून औषध बाहेर येतं" ही तक्रार बहुधा इथेच मिटते. एका वेळचा डोस खूप मोठा असेल तर तो दोन जागी विभागता येतो का, हे डॉक्टरांना विचारा.

सुईवर न ढकलण्यासारख्याही गोष्टी आहेत. निळा डाग पडला तर केशवाहिनी लागलेली असते. चोळू नका, जाईल. टोच चुरचुरत असेल तर फ्रिजमधलं गार इन्सुलिन किंवा न सुकलेलं स्पिरिट हे कारण शोधा. खाजरी लाल गांधी पुन्हा पुन्हा उठत असेल तर ती औषधातल्या एखाद्या घटकाची अ‍ॅलर्जी असू शकते. कातडीला खळगा पडणं आता क्वचित दिसतं. महिनोन् महिने विश्रांती देऊनही न मऊ होणारी टणक गाठ मात्र दाखवाच, कारण ती चरबीची नसून अमायलॉइड नावाच्या प्रथिनाची असू शकते.

एका मिलीत ४० युनिट असलेल्या बाटलीतून सिरिंजने घेणाऱ्यांना हे परीक्षण उपयोगाचं नाही. तिथे लाल टोपणाची ४० युनिटची सिरिंजच हवी, आणि सुई सहसा ६ मिमीपेक्षा छोटी मिळत नाही; चिमट धरूनच टोचा.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणबंद बरणीत टाका. भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर "सुया" लिहा आणि घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी द्या. सुक्या कचऱ्याच्या पिशवीत गेलेली सुई वर्गीकरण करणाऱ्याच्या हातात घुसते.