लोकलचे पर्यटक तिकीट : आठ महिन्यांत सात वेळा वापरल्यानंतर

ठाण्यात राहणाऱ्याकडे बाहेरगावचे पाहुणे येतात ते बहुधा मुंबई पाहण्यासाठीच. नौपाड्यातील आमचे घर स्थानकापासून चालत बारा मिनिटांवर आहे, त्यामुळे साताऱ्याची बहीण असो की अमरावतीचा चुलतभाऊ, दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत कोणी ना कोणी आमच्याकडे मुक्कामाला असतेच. पूर्वी मी त्यांना दिवसभरासाठी गाडी ठरवून देत असे. सकाळी निघालेली मंडळी अर्धा दिवस रहदारीत काढून, चार ठिकाणे काचेआडून पाहून, रात्री दमून आणि काहीशी हिरमुसून परत येत. गेल्या नोव्हेंबरपासून मी तो प्रकार बंद केला आणि त्याऐवजी उपनगरी रेल्वेचे पर्यटक तिकीट वापरून पाहिले. जूनअखेरपर्यंत ते सात वेळा वापरून झाले आहे : तीनदा एक दिवसाचे, दोनदा तीन दिवसांचे आणि दोनदा पाच दिवसांचे. एवढ्या वापरानंतर माझे मत बरेचसे पक्के झाले असल्याने ते सविस्तर लिहितो.

ज्यांनी हे तिकीट पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर ते एक, तीन किंवा पाच दिवसांचे मिळते, दुसऱ्या आणि पहिल्या वर्गाचे दर वेगळे असतात, आणि त्या मुदतीत मध्य, पश्चिम व हार्बर मार्गांवरील लोकलने कितीही वेळा, कुठूनही कुठेही प्रवास करता येतो. ते केवळ प्रवासाचे तिकीट आहे. संग्रहालये, उद्याने आणि लेणी यांचे प्रवेशशुल्क त्यात धरलेले नसते. परदेशातील शहरांमध्ये मिळणाऱ्या, प्रवेशासकटच्या पर्यटक पासची कल्पना मनात ठेवून कोणी हे घेतले, तर त्याची निराशा होईल.

आता पैशांचे बोलतो, कारण बहुतेकांचा गैरसमज इथेच होतो. दुसऱ्या वर्गाचे एक दिवसाचे तिकीट शंभर रुपयांच्या आत मिळते आणि ऐकताना ते स्वस्त वाटते. परंतु ठाण्याहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाण्याचे साधे भाडेच मुळी १५ रुपये आहे, जाऊन-येऊन ३०. वाटेत भायखळ्याला उतरलो, पुढे चर्चगेटहून चर्नी रोडला गेलो आणि दादरमार्गे घरी परतलो, तरी सुट्या तिकिटांची बेरीज एक दिवसाच्या पर्यटक तिकिटापर्यंत पोहोचत नाही. पहिल्या खेपेनंतर मी रात्री वहीत हा हिशेब मांडला आणि माझी मलाच चूक कळली. पाच दिवसांच्या तिकिटाची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याचा रोजचा खर्च जेमतेम ठाणे ते सीएसएमटी परतीच्या भाड्याएवढा पडतो, आणि त्यानंतरची प्रत्येक चढ-उतार जवळजवळ फुकट होते. म्हणून एक दिवसाचे तिकीट पैसे वाचवण्यासाठी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. रांगेत पुन्हा पुन्हा उभे राहणे टाळायचे असेल तरच ते घ्यावे. घरी पाहुणे चार-पाच दिवस राहणार असतील, तर पाच दिवसांचेच घ्यावे.

रांग टाळणे ही क्षुल्लक बाब नाही, हे मला बहिणीच्या यजमानांबरोबर फिरताना उमगले. भावोजी निवृत्त शिक्षक आहेत आणि वाटेतली प्रत्येक पाटी वाचल्याशिवाय पुढे जात नाहीत. नोव्हेंबरमध्ये त्यांना घेऊन धीम्या गाडीने निघालो, तेव्हा १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली ती याच मार्गाने, सुमारे ३४ किलोमीटरांचे अंतर कापून, एवढे मी त्यांना सांगितले. त्यावर त्यांनी विचारले, "मग त्या काळातले एखादे स्थानक अजून उभे आहे का?" हातात सुटे तिकीट असते तर मी "पुढच्या वेळी पाहू" म्हणालो असतो. या वेळी आम्ही सरळ भायखळ्याला उतरलो. भायखळा स्थानकाची इमारत १८५७ सालची आहे आणि जीर्णोद्धारानंतर २०२२ मध्ये तिला युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला. मी स्वतः नोकरीची तीस वर्षे त्या फलाटासमोरून रोज गेलो, पण उतरून वर पाहिले ते भावोजींमुळे. पाऊण तास आम्ही तिथे होतो. तिथून चालत वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे आपली राणीची बाग, आणि तिला लागून असलेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहिले. हे संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुले झाले. घारापुरीला ज्याच्यावरून एलिफंटा हे नाव पडले तो दगडी हत्ती याच आवारात उभा आहे, हे आमच्या घरात कोणालाही ठाऊक नव्हते. भावोजींनी त्याच्या पायापाशी उभे राहून दगडातले सांधे बारकाईने पाहिले आणि बराच वेळ ते काही बोललेच नाहीत.

याच ठिकाणी जानेवारीत माझी फजिती झाली. भाचीला घेऊन मोठ्या उत्साहाने गेलो आणि दार बंद, कारण वार बुधवार होता. राणीची बाग आणि हे संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात, तर बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, त्यातली कान्हेरीची लेणी आणि घारापुरी सोमवारी बंद असते. तीन दिवसांच्या तिकिटात सोमवार आणि बुधवार दोन्ही आले, तर फिरायची निम्मी ठिकाणे हातची जातात. तेव्हापासून मी तिकीट काढण्याआधी वार पाहतो आणि शक्यतो गुरुवारी सुरुवात करतो.

रविवारबद्दल वेगळे सांगायला हवे. शहर मोकळे असते म्हणून पाहुण्यांना रविवार आवडतो, पण मध्य आणि हार्बर मार्गांवर देखभालीसाठी मेगाब्लॉक बहुधा त्याच दिवशी असतो. फेब्रुवारीत आम्ही घोषणा न वाचता निघालो आणि हार्बरच्या गाडीसाठी लहान मुलांसह कुर्ल्याला दीड तास ताटकळलो. ब्लॉकची माहिती आदल्या दिवशीच जाहीर झालेली असते, त्यामुळे दोष आमचाच होता. रविवार टाळता येत नसेल, तर निदान त्या दिवशी कोणता मार्ग चालू आहे हे पाहून बेत ठरवावा.

तिकीट काढताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. एका स्थानकावरच्या खिडकीत मला "असे तिकीट नसते" हे उत्तर मिळाले. शेजारच्या खिडकीतल्या बाईंनी मात्र दोन मिनिटांत ते शोधून छापून दिले. रोज मासिक पास आणि परतीची तिकिटे देणाऱ्याच्या हातात हे क्वचितच येत असावे, म्हणून सकाळच्या गर्दीत ते मागायला जाऊ नये आणि किती दिवसांचे व कोणत्या वर्गाचे हवे हे नीट सांगावे. दुसरी गोष्ट अनुभवातून कळली. घरातल्या सगळ्यांचे मिळून एकच तिकीट काढले की बहीण आणि पत्नी महिलांच्या डब्यात, आम्ही पुरुषांच्या डब्यात आणि कागद एकाच्याच खिशात, अशी स्थिती होते. प्रत्येकाचे तिकीट वेगळे मागून घ्यावे. मे महिन्यात पाच दिवसांचे तिकीट शर्टाच्या खिशात घडी घालून ठेवले, तर तिसऱ्या दिवशी घामाने त्यावरची तारीख पुसट झाली. तपासनिसांनी ते उजेडाकडे धरून पाहिले, मागची बाजू पाहिली आणि परत दिले, पण त्या अर्ध्या मिनिटात माझा जीव टांगणीला लागला होता. आता मी तिकीट शाळेच्या ओळखपत्राच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवतो. तिकिटावर वैधतेच्या तारखा छापलेल्या असतात, त्यामुळे दुपारी काढून पहिला दिवस अर्धा वाया घालवू नये.

या तिकिटाचा खरा लाभ ठाणेकराला कळतो तो पाच दिवसांच्या मुदतीत, आणि तोही मुंबईच्या उलट दिशेला गेल्यावर. मुंबईत उतरलेला पर्यटक दादरच्या पलीकडे फारसा येत नाही. आपण मात्र मधोमध आहोत. एका बाजूला सीएसएमटी, दुसऱ्या बाजूला कल्याणपुढच्या कर्जत आणि कसारा या दोन्ही वाटा, आणि ठाण्याहूनच सुटणाऱ्या गाड्यांनी थेट वाशी, नेरूळ, पनवेल. मे महिन्यात चुलतभावाच्या कुटुंबाला मी दुसऱ्या दिवशी अंबरनाथला नेले, तेव्हा त्याच्या मुलांनी "मुंबई सोडून इकडे कुठे?" असा चेहरा केला होता. वालधुनी नदीकाठचे हे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातले असून तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा उल्लेख आहे. बाहेरच्या भिंतींवर हाताएवढी जागाही कोरीव कामावाचून नाही. सभामंडपातून गाभाऱ्यात जाताना पायऱ्या खाली उतरतात. बाहेर अंगाची लाही होत असताना प्रत्येक पायरीला हवा गार होत जाते, दगड पायाला ओलसर लागतो, आणि तळाशी पोहोचून वर पाहिले की अपुऱ्या शिखरातून आकाशाचा तुकडा दिसतो. धाकटी मुलगी तिथेच मांडी घालून बसली आणि उठायला तयार होईना. पाच दिवसांत गेटवे, मरीन ड्राइव्ह सगळे पाहून झाले, तरी अमरावतीला परत गेल्यावर तिने फोनवर आठवण काढली ती या मंदिराची. त्याच दिवशी दुपारी आम्ही कल्याणला गाडी बदलून टिटवाळ्याच्या गणपतीला जाऊन आलो. सुट्या तिकिटांवर मी हा बेत आखलाच नसता.

हाताशी तिकीट असल्याचा एक तोटाही होतो आणि तो माझ्या हातून झाला आहे. ठाण्याहून बोरिवलीला लोकलने जायचे म्हणजे दादरपर्यंत खाली जाऊन, पूल ओलांडून, पश्चिम रेल्वेने पुन्हा वर यायचे. तिकीट आहेच, मग बसला पैसे कशाला द्यायचे, या विचाराने कान्हेरीला जाताना मी सगळ्यांना तसे नेले. घोडबंदर रस्त्याने थेट बस असताना आम्ही सकाळचा सगळा उत्साह गाडीत घालवला. कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत, उद्यानाच्या दारापासून ती आत काही किलोमीटर दूर आहेत आणि उन्हे चढण्याआधी वर पोहोचणे गरजेचे असते. आम्ही पोहोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. दादरला बदलताना फलाटांचे क्रमांकही लक्षात ठेवावेत. डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेचे फलाट १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ असे सलग झाले आहेत, त्यामुळे जुन्या सवयीने "तीन नंबरवर भेटू" असे म्हणणारा माणूस चुकीच्या रेल्वेवर उभा राहतो.

गर्दीबाबत पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे. सकाळी आठ ते साडेदहा मुंबईकडे आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ ठाण्याकडे, या वेळांत नवख्या माणसाला दुसऱ्या वर्गात चढवणे धोक्याचे आहे आणि मी ते कधीच करत नाही. आम्ही साडेदहानंतर, ठाण्याहूनच सुटणाऱ्या धीम्या गाडीने निघतो. वेळ अधिक लागतो, पण बसायला जागा मिळते, स्थानकांची नावे वाचता येतात आणि मुलांना खिडकी मिळते. वयस्क मंडळी बरोबर असतील तर पहिल्या वर्गाचा खर्च करावा. दुसऱ्या वर्गाचे तिकीट पहिल्या वर्गात किंवा वातानुकूलित लोकलमध्ये चालत नाही, आणि चुकून चढलो असे सांगून दंड टळत नाही.

मेट्रो, बेस्टची बस आणि लांब पल्ल्याच्या गाड्या यांत हे तिकीट चालत नाही. नेरळपर्यंत ते पुरते, पण माथेरानच्या छोट्या गाडीचे तिकीट वेगळे काढावे लागते. दक्षिण मुंबईत स्थानकापासून पुढे बस लागतेच, आणि ९ मे २०२५ पासून बेस्टचे किमान भाडे साध्या बसला १० व वातानुकूलित बसला १२ रुपये झाल्यापासून चौघांच्या फेऱ्यांचा खर्च जाणवतो. ज्या दिवशी कुलाबा, गेटवे आणि काळा घोडा असा बेत असतो, त्या दिवशी आम्ही बेस्टचा ७५ रुपयांचा दैनिक पास जोडीला घेतो. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाचा परिसर मात्र चर्चगेटहून पायीच पाहावा. गिरगाव चौपाटी चर्नी रोडला उतरल्यावर समोरच आहे आणि मणिभवन ग्रँट रोडहून चालण्याच्या अंतरावर आहे.

आता श्रावणात बहीण आणि भावोजी पुन्हा येणार आहेत, आणि त्यांच्यासाठी पाच दिवसांचीच तिकिटे काढायची असे ठरले आहे, गुरुवारपासून सोमवारपर्यंत. सोमवारी राष्ट्रीय उद्यान बंद असते, पण अंबरनाथच्या मंदिरात श्रावणी सोमवारी दर्शनाला मोठी रांग लागते. म्हणून भावोजींना मंदिर निवांत पाहता यावे यासाठी अंबरनाथ शुक्रवारी ठेवले आहे आणि सोमवार भायखळ्यासाठी मोकळा सोडला आहे. तो हत्ती त्यांना पुन्हा एकदा पाहायचा आहे.