आमच्या मेडिकल कॉलेजची स्किल लॅब : लॅब भारी, लॉगबुकचं मात्र बघा

एमबीबीएसला २०१९ च्या बॅचपासून कॉम्पिटन्सी बेस्ड अभ्यासक्रम आलाय, म्हणजे नुसते मार्क नाहीत तर हाताने करून दाखवायचं, सरांना पटलं की लॉगबुकात सही. आमची स्किल लॅब, म्हणजे पुतळ्यांवर सराव करायची जागा, यात खरंच एक नंबर आहे. सीपीआरच्या, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबायच्या सरावाच्या, पुतळ्यावर छाती ५ ते ६ सेंटीमीटर दाबली गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० चा वेग, माझा वेग दुसऱ्याच मिनिटाला पडला तर मॅडम म्हणाल्या "कोपर वाकतंय गं, परत कर", आणि तिसऱ्यांदा जमलं तेव्हाच सही दिली. घामाघूम झाले पण आता ते हातात बसलंय.

पण एका डिपार्टमेंटने वर्षाच्या शेवटी अख्ख्या बॅचच्या लॉगबुकांवर गठ्ठ्याने सह्या केल्या, मी कॅथेटर (लघवीची नळी) एकदाही घातलेला नसताना माझ्या पानावर 'पूर्ण' लिहिलंय, याचा मला मनापासून राग येतो कारण उद्या समोर पेशंट असणारे.

लॅबला ५ पैकी ५, लॉगबुकला २. नवीन पोरांनो, परीक्षेच्या महिन्यात गर्दी असते, त्याआधीच जा आणि जमेपर्यंत सही मागू नका.